ग्लोबल म्हणजे अ‍ॅडमिन नव्हे

पुण्यात अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि नुकतेच नोकरीला लागलेले प्रोग्रामर यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.

कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी चहाच्या टेबलापाशी एका विद्यार्थिनीनं मला गाठलं. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, कॉलेजच्या लॅबमधला विंडोजचा पीसी. नोड, म्हणजे जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम, टाकायला घेतलं तर अ‍ॅडमिन पासवर्डची खिडकी उघडली. लॅब असिस्टंट रजेवर आणि रिव्ह्यू परवा. तिनं विचारलं, "सर, पासवर्ड नसला की सगळंच अडतं ना?" नाही, सगळं अडत नाही. फार थोडं अडतं. तिच्या पीसीचं काय करायचं ते पुढे सांगतोच, पण आधी ते का अडत नाही हे नीट समजून घेऊ. नुसती कमांड पाठ केली तर पुढच्या मशीनवर पुन्हा तिथेच अडकाल.

हिंजवडीत, खराडीत नव्यानं नोकरीला लागलेल्या मुलांकडूनही हेच ऐकतो. लॅपटॉप मिळाला, आयटीकडे तिकीट टाकलं, तीन दिवस झाले, अजून मंजुरी नाही. तोवर मुलगा रिकामा बसून. त्याच मशीनवर त्याच्या नावाचा एक होम फोल्डर असतो, त्यात कुणालाही न विचारता तो लिहू शकतो, पण तिथे टूल ठेवता येतं हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

गोंधळ कुठे होतो बघा. आपण 'ग्लोबल इन्स्टॉल' म्हणतो तेव्हा दोन वेगळे प्रश्न एकाच शब्दात कोंबलेले असतात. पहिला, हे टूल कुठून कुठून वापरता यायला हवं? एकाच प्रोजेक्टमध्ये, माझ्या सगळ्या प्रोजेक्टमध्ये, की या मशीनवरच्या प्रत्येक माणसाला? दुसरा, ते ज्या फोल्डरमध्ये ठेवायचं तिथे लिहायची परवानगी कुणाकडे आहे? यातल्या दुसऱ्या प्रश्नाशीच पासवर्डचा संबंध आहे. माझ्या सगळ्या प्रोजेक्टमध्ये चालणारं टूल माझ्या होम फोल्डरमध्ये राहू शकतं. ते ग्लोबल असूनही त्याला अ‍ॅडमिन लागत नाही. आज इथून एवढी एक गोष्ट जरी घेऊन गेलात तरी मला पुरे आहे.

माझे वडील भोसरीत एका कारखान्यात लेथवर होते. मशीन तिन्ही शिफ्टला चालायचं, म्हणजे एका लेथवर दिवसाकाठी तीन माणसं. मशीन कंपनीचं. त्याची सेटिंग सुपरवायझरला विचारल्याशिवाय बदलायची नाही, कारण पुढच्या शिफ्टचा माणूस त्याच सेटिंगच्या भरवशावर जॉब लावणार. पण वडिलांची स्वतःची एक लोखंडी पेटी होती. त्यात व्हर्नियर, मायक्रोमीटर, स्वतः ग्राइंड केलेले टूल बिट. ती पेटी त्यांच्याबरोबर कोणत्याही मशीनवर जायची आणि तिच्यात काय ठेवायचं हे विचारायला ते कुणाकडे गेले नाहीत. तिसरी गोष्ट म्हणजे फिक्स्चर. एखाद्या जॉबसाठी खास बनवलेलं, त्या जॉबच्या ड्रॉइंगबरोबर ठेवलेलं. जॉब दुसऱ्या मशीनवर गेला की फिक्स्चरही त्याच्यामागे जायचं. मशीन, पेटी आणि फिक्स्चर. संगणकावर टूल ठेवायच्या जागाही मला या तीनच दिसतात, आणि बहुतेक भानगडी एकीतली वस्तू दुसरीत ठेवल्यामुळे होतात.

मशीनला कुलूप का, याचं कारणही तिथेच आहे. युनिक्स घडलं ते एक मोठं यंत्र आणि त्याला जोडलेली अनेक टर्मिनल्स अशा काळात. एकानं सिस्टिमच्या फोल्डरमधला कंपायलर बदलला तर सगळ्यांचं काम बिघडणार. म्हणून तिथे लिहायचा अधिकार एकट्या रूटला, म्हणजे मुख्य अ‍ॅडमिन खात्याला. पुढे १९८०च्या सुमारास अमेरिकेतल्या बफेलो इथल्या विद्यापीठात सुडो ही कमांड लिहिली गेली. नेमलेल्या माणसाला नेमक्या कामापुरता रूटचा अधिकार उसना द्यायचा, ही तिच्यामागची कल्पना. आज आपण तिचा उपयोग कसा करतो? कमांड चालली नाही की वरचा बाण दाबायचा, पुढे सुडो लावायचं, पुन्हा एंटर. एरर म्हणजे मशीननं आपल्याला विचारलेला प्रश्न असतो, आणि तो न वाचताच आपण दार ढकलतो.

मीही ते ढकललं आहे. पहिल्या नोकरीत चार टीम मिळून वापरत असलेला सेंटओएस या लिनक्सचा एक टेस्ट सर्व्हर होता. त्यावर 'पायथन' लिहिलं की पायथन २ उघडायचं. मला ३ हवं होतं. माझ्याकडे सुडो होतं, म्हणून मी सरळ सिस्टिमच्या बिन, म्हणजे प्रोग्राम ठेवायच्या, फोल्डरमधली पायथनची लिंक नव्या पायथनकडे वळवली. माझी स्क्रिप्ट चालली, मी खुशीत घरी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या टीमच्या माणसानं यम चालवलं आणि त्याला सिंटॅक्स एरर आली. सेंटओएसचा यम हा पॅकेज मॅनेजर तेव्हा पायथन २ मध्ये लिहिलेला होता, आणि २ मधली 'एक्सेप्ट'ची जुनी मांडणी ३ ला कळत नाही. म्हणजे सर्व्हरवर सॉफ्टवेअर टाकायची आणि काढायची जी सोय, तीच मी बंद पाडली होती. लिंक पूर्ववत करायला दोन मिनिटं लागली, पण ती लिंकच बिघडलीय हे शोधण्यात त्या टीमची अख्खी सकाळ गेली. त्या दिवशी संध्याकाळी वडिलांना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "दुसऱ्याच्या शिफ्टचं सेटिंग हलवलंस की."

सिस्टिमचा पायथन हा सिस्टिमचा असतो. तो तुमच्यासाठी ठेवलेला नसतो, तो तिच्या स्वतःच्या कामांसाठी असतो. लिनक्सवाल्यांनी हे आता नियमातच घातलं आहे. जून २०२३ मध्ये डेबियन १२ आलं, तेव्हापासून तिथे सिस्टिमच्या पायथनमध्ये थेट पिपनं, म्हणजे पायथनची पॅकेजेस आणणाऱ्या टूलनं, इन्स्टॉल केलं की 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' अशी एरर येते. हा पायथन दुसऱ्या कुणाच्या ताब्यात आहे, असा तिचा अर्थ. यामागचा पायथनचा प्रस्ताव म्हणजे पीईपी ६६८. ही एरर टाळायचा एक फ्लॅग, म्हणजे कमांडपुढे लिहायचा पर्याय, आहे, त्याचं नाव 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस'. काय होणार आहे ते ज्यानं नावातच सांगून ठेवलंय, तो फ्लॅग कृपा करून वापरू नका.

आता पाथ. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण पाथ समजला की निम्मी भीती जाते.

टर्मिनलमध्ये तुम्ही 'नोड' लिहून एंटर दाबता तेव्हा संगणक अख्खी डिस्क धुंडाळत नाही. त्याच्यापाशी फोल्डरांची एक यादी असते, एकापुढे एक लिहिलेली, लिनक्सवर मध्ये कोलन. तो डावीकडून एकेक फोल्डर उघडतो आणि त्या नावाची चालवण्याजोगी फाइल पहिल्यांदा जिथे सापडेल तिथे थांबतो. पुढच्या फोल्डरांत त्याच नावाची आणखी दहा टूल्स असली तरी त्यांच्याकडे बघत नाही. या यादीचं नाव पाथ. ही यादी तुमची आहे. तुमच्या शेलपुरती, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड वाचणाऱ्या प्रोग्रामपुरती, ती तुम्ही हवी तशी मांडू शकता, त्याला कुणाची सही लागत नाही. आता सगळी युक्ती तुमच्या लक्षात आली असेल. होम फोल्डरमध्ये टूल ठेवायचं आणि त्याचा फोल्डर यादीत सगळ्यात डावीकडे लिहायचा. सिस्टिमचं जुनं टूल जागच्या जागी राहतं, बाकीच्यांना तेच मिळतं, तुम्हाला मात्र तुमचं मिळतं. मी त्या सर्व्हरवर एवढंच करायला हवं होतं.

यासाठी लिनक्सवर रूढ झालेली जागा म्हणजे होममधला 'डॉट लोकल' फोल्डर आणि त्यातलं 'बिन'. डेबियन आणि उबुंटूवर लॉगिनच्या वेळी वाचली जाणारी डॉट प्रोफाइल फाइल हा फोल्डर अस्तित्वात असेल तर आपण होऊन पाथमध्ये घालते. 'अस्तित्वात असेल तर' हे शब्द महत्त्वाचे आहेत. तो फोल्डर तुम्ही आजच पहिल्यांदा बनवला, त्यात टूल ठेवलं, आणि 'कमांड नॉट फाउंड' आलं, तर टूल बिघडलेलं नाही. लॉगिन झालं तेव्हा फोल्डर नव्हता, एवढंच. एकदा लॉगआउट करून परत या. मी मुलांना या एका कारणावरून तीन तीन वेळा टूल काढून टाकताना पाहिलं आहे.

अजून एक. पाथ प्रत्येक प्रोसेसला, म्हणजे चालू प्रोग्रामला, तिच्या आईबापाकडून, म्हणजे ज्यानं ती सुरू केली त्याच्याकडून मिळतो. बॅश या शेलच्या बॅशआरसी फाइलमध्ये तुम्ही बदल केलात तर तो त्यानंतर उघडलेल्या शेलला कळतो. क्रॉननं, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीनं, रात्री चालवलेल्या स्क्रिप्टला तो कळत नाही, मेनूतून उघडलेल्या एडिटरलाही बरेचदा कळत नाही. "टर्मिनलमध्ये चालतं पण क्रॉनमध्ये चालत नाही" ही तक्रार ऐकली की मी आधी पाथ बघतो. क्रॉनमध्ये टूलचा पूर्ण पत्ता लिहा, बहुतेकदा प्रश्न मिटतो. आणि कोणतं टूल नक्की कुठून चालतंय अशी शंका आली तर बॅशमध्ये 'टाइप', स्पेस, 'डॅश ए' आणि टूलचं नाव लिहा. त्या नावाची सगळी टूल्स पाथमधल्या क्रमानं समोर येतात. जुन्या पत्त्याची सवय बॅशनं मनात धरून ठेवलेली असते, ती पुसायला 'हॅश डॅश आर'.

'लोकल' या शब्दाविषयी इथेच बोलतो, कारण तो फार फसवतो. सिस्टिमच्या 'यूएसआर' फोल्डरमधल्या 'लोकल' फोल्डरमधलं लोकल म्हणजे या मशीनच्या अ‍ॅडमिननं इथे घातलेलं, ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर न आलेलं. तिथे लिहायला साधारणपणे रूट लागतो. होममधल्या 'डॉट लोकल'मधलं लोकल म्हणजे या युझरपुरतं. आणि एनपीएम, म्हणजे नोडची पॅकेजेस आणणारं टूल, लोकल म्हणतं तेव्हा त्याचा अर्थ या प्रोजेक्टपुरतं. एकच शब्द, आणि मशीन, पेटी, फिक्स्चर तिन्हींना लावलेला! त्यामुळे कुणी तुम्हाला "लोकल इन्स्टॉल कर" म्हणालं तर त्याला विचारा, कोणतं लोकल?

एनपीएमचा 'डॅश जी', म्हणजे ग्लोबल, तर याचं उत्तम उदाहरण आहे. नोड जर सिस्टिमच्या फोल्डरमध्ये असेल तर 'डॅश जी' तिथेच लिहायला जातं आणि 'ईअ‍ॅक्सेस', म्हणजे परवानगी नाही, अशी एरर देतं. बहुतेक जण इथे सुडो लावतात. ते का करू नये याचा एक धडा सार्वजनिक नोंदीतच आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये एनपीएमचं ५.७.० हे व्हर्जन आलं. त्यातल्या एका चुकीमुळे सुडो लावून एनपीएम चालवलं की काही लिनक्स मशीनवर ईटीसी, यूएसआर, बूट अशा सिस्टिम फोल्डरांची मालकीच बदलून जात होती. लगोलग ५.७.१ काढावं लागलं, पण तोवर काही जणांचे सर्व्हर कामातून गेले होते. ज्यांनी सुडोशिवाय चालवलं त्यांच्या मशीनला ही चूक धक्काही लावू शकली नाही, कारण त्यांच्या एनपीएमला तिथे लिहिण्याचा अधिकारच नव्हता. टूल लिहिणारा माणूस कितीही चांगला असला तरी त्याच्या हातून चूक होणारच. त्या चुकीला आपण केवढी जागा मोकळी ठेवायची, हे मात्र आपल्या हातात असतं.

मग करायचं काय? एनव्हीएम वापरा. ते नोडची वेगवेगळी व्हर्जन्स तुमच्या होममध्ये शेजारी शेजारी ठेवतं. त्यानंतर 'डॅश जी' केलंत तरी ते होममध्येच जातं. ग्लोबल आहे, आणि अ‍ॅडमिनचा संबंध नाही. दोन गोष्टी मात्र आधीच माहीत असू द्या. एनव्हीएम हे शेलमधलं फंक्शन आहे, स्वतंत्र प्रोग्राम नाही, त्यामुळे ज्या शेलमध्ये ते वाचलं गेलं नाही तिथे ते सापडत नाही. आणि ग्लोबल पॅकेजेस नोडच्या त्या त्या व्हर्जनला चिकटलेली असतात. व्हर्जन बदललं की ती गायब झाल्यासारखी वाटतात. ती असतात, फक्त शेजारच्या खोलीत.

पण माझा आग्रह याच्याही पुढे आहे. प्रोजेक्ट ज्या टूलवर उभा आहे ते पेटीतही नको, फिक्स्चरसारखं जॉबबरोबर हवं. टाइपस्क्रिप्टचा कंपायलर, कोडमधल्या चुका दाखवणारा लिंटर, टेस्ट चालवणारं टूल ही सगळी प्रोजेक्टच्या नोड मॉड्यूल्स फोल्डरमध्ये टाका आणि एनपीएम रनमधून चालवा. एनपीएम रन त्या प्रोजेक्टचा बिन फोल्डर आपण होऊन पाथमध्ये पुढे घालतं. एकदाच चालवायचं असेल तर २०१७ पासून एनपीएमबरोबर एनपीएक्स येतं. तुमचा मित्र सहा महिन्यांनी तो प्रोजेक्ट उघडेल तेव्हा व्हर्जन नोंदवून ठेवणाऱ्या लॉक फाइलवरून त्याला तुमचंच व्हर्जन मिळेल. "माझ्या मशीनवर तर चालतं" या वाक्यामागे बहुतेक वेळा एक ग्लोबल टूल लपलेलं असतं.

जावावाल्यांना हे शहाणपण आधीपासून आहे, आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. मेव्हन हे जावाचं बिल्ड टूल लायब्ररी होममधल्या 'डॉट एम२' फोल्डरमध्ये व्हर्जननुसार वेगवेगळ्या ठेवतं, त्यामुळे दोन प्रोजेक्टना दोन व्हर्जन लागली तरी भांडण नाही. मेव्हन आणि ग्रेडलचे रॅपर तर बिल्ड टूलचं व्हर्जनसुद्धा प्रोजेक्टबरोबर बांधून देतात. जेडीके, म्हणजे जावाच्या कंपायलरचा संच, म्हणाल तर ती नुसती टार फाइल होममध्ये उघडायची आणि जावा होम तिकडे वळवायचं. रस्ट भाषेचा इन्स्टॉलर रस्टअप स्वतःहून होममधल्या 'डॉट कार्गो'मध्ये जातो, पासवर्ड विचारतच नाही. गो भाषेत 'गो इन्स्टॉल'नं आणलेली टूल्सही होममध्येच जातात.

पायथनमध्ये फिक्स्चर म्हणजे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, प्रोजेक्टपुरता पायथनचा वेगळा फोल्डर. तो बनवणारं वेन्व्ह २०१२ पासून, म्हणजे पायथन ३.३ पासून पायथनबरोबरच येतं. त्याआधीपासून 'पिप इन्स्टॉल डॅश डॅश युझर' आहे, पण ते मी फारसं सुचवत नाही. ते अ‍ॅडमिनशिवाय चालतं हे खरं, पण त्यातून आलेली लायब्ररी वेन्व्हबाहेर त्या पायथननं चालवलेल्या तुमच्या प्रत्येक स्क्रिप्टला दिसते आणि एका कामाचं व्हर्जन दुसऱ्या कामात शिरतं. पायथनमधली जी टूल्स कमांड म्हणून वापरायची आहेत त्यांच्यासाठी पिपएक्स चांगलं. ते प्रत्येक टूलला स्वतःचं वेन्व्ह देतं आणि फक्त कमांड पाथमध्ये ठेवतं. वेन्व्हचा फोल्डर उचलून दुसरीकडे नेऊ नका, आतल्या स्क्रिप्टमध्ये पूर्ण पत्ते लिहिलेले असतात, त्या मोडतात. पुसा आणि रिक्वायरमेंट्स फाइलवरून नवीन बनवा. डेबियन-उबुंटूवर कधीकधी वेन्व्हचंच पॅकेज वेगळं असतं आणि ते टाकलेलं नसतं, मग अ‍ॅडमिनशिवाय पंचाईत होते. अशा वेळी यूव्ही हे टूल होममध्ये उतरवून घ्या. ते पायथनसुद्धा स्वतःच आणतं.

कुणाला वाटेल, अ‍ॅडमिनशिवाय काम करणं हा विद्यार्थ्यांचा नाइलाज आहे, मोठ्या ठिकाणी असं नसतं. मोठ्यात मोठ्या ठिकाणी नेमकं असंच असतं, आणि ती ठिकाणं आपल्या गावातच आहेत. सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था १९८८ मध्ये पुण्यात सुरू झाली, १९९१ मध्ये तिनं परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर उभा केला. पाषाणला उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये प्रत्यूष आला. सप्टेंबर २०२४ मध्ये देशाला अर्पण केलेल्या तीन परम रुद्र यंत्रांपैकी एक पुण्याजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या कामासाठी आहे. अशा सुपरकॉम्प्युटरवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञाला रूट मिळत नाही. शेकडो जणांचं यंत्र ते. तिथे 'मॉड्यूल अव्हेल' लिहिलं की कंपायलर आणि लायब्ररींची यादी येते, 'मॉड्यूल लोड' म्हटलं की हवं ते व्हर्जन तुमच्यापुरतं चालू होतं. ही जादू वाटते, पण आत बघितलंत तर ते मुख्यतः तुमचा पाथ आणि आणखी काही व्हेरिएबल्स बदलून देतं. मघाशी आपण हातानं जे केलं तेच. यादीत नसेल ते टूल संशोधक सोर्स उतरवून होममध्ये बांधतो. 'कॉन्फिगर'ला प्रिफिक्स म्हणून होमचा पत्ता द्यायचा, मग मेक, मग मेक इन्स्टॉल. सुडो कुठेच नाही.

होममध्ये बांधण्याच्या अडचणीही प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत. एक कोट्याची. सामाइक यंत्रावर होमला मर्यादा असते, कधी जागेची, कधी फायलींच्या संख्येची, आणि नोड मॉड्यूल्समध्ये बारीक फायली हजारोंनी असतात. कोंडा या पॅकेज मॅनेजरचा कॅशेही होममध्ये फुगत जातो. दुसरी अडचण जीलिबसीची, आणि ही खरोखर जड आहे. लिनक्सवरचे बहुतेक तयार प्रोग्राम या पायाभूत सी लायब्ररीवर उभे असतात. सेंटओएस ७ वर तिचं व्हर्जन २.१७ आहे, आणि नोड १८ चे अधिकृत तयार प्रोग्राम किमान २.२८ मागतात. मग तुम्ही नोड कितीही नीट होममध्ये ठेवा, 'जीलिबसी २.२८ नॉट फाउंड' येणारच. होममध्ये जीलिबसी बदलायच्या मागे लागू नका, त्यात दिवस जातात. जुन्या सिस्टिमसाठी बांधलेलं व्हर्जन शोधा, कोंडातून घ्या, किंवा कंटेनरची, म्हणजे प्रोग्राम त्याच्या लायब्ररींसकट वेगळा चालवायची, सोय आहे का विचारा. खरं उत्तर मात्र मशीन बदलणं हेच आहे. सेंटओएस ७ चे अपडेट ३० जून २०२४ ला थांबले.

आता विंडोज, म्हणजे त्या विद्यार्थिनीचा पीसी. नोडच्या संकेतस्थळावर इन्स्टॉलरखेरीज झिपही मिळते. ती तुझ्या युझर फोल्डरमध्ये उघड. स्टार्टमध्ये 'एडिट एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स फॉर युवर अकाउंट' शोध, वरच्या अर्ध्या भागातल्या तुझ्या पाथमध्ये तो फोल्डर घाल, नवीन टर्मिनल उघड. झालं. व्हीएस कोडचा युझर इन्स्टॉलर अ‍ॅडमिन मागत नाही. पायथनच्या इन्स्टॉलरमध्ये 'सगळ्या युझरसाठी' किंवा अ‍ॅडमिनचे अधिकार वापरायची खूण काढली की तोही मागत नाही. स्कूप नावाचा पॅकेज मॅनेजर तर याच कामासाठी आहे. एक गोष्ट लिनक्सच्या उलट, ती ध्यानात ठेवा. विंडोज सिस्टिमचा पाथ आधी लावतं आणि तुमचा त्याच्यामागे. त्यामुळे लॅबमध्ये आधीच जुनं जावा सिस्टिमच्या पाथमध्ये असेल तर तुमचं नवं जावा यादीत असूनही तेच चालेल. तेव्हा टर्मिनल उघडल्यावर त्या सत्रापुरता पाथ हातानं बदला, किंवा छोटी बॅच फाइल करून ठेवा. आणि काही ठिकाणी युझर फोल्डरमधून कोणताही प्रोग्राम चालूच द्यायचा नाही असं धोरण लावलेलं असतं. ते लागलं असेल तर ती भिंत आहे. ती चुकवायचे मार्ग मी सांगणार नाही, तुम्हीही शोधू नका. ज्यानं ती उभारली त्याच्याशी बोला.

कारण करता येणं आणि करायची मुभा असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. कंपनीच्या लॅपटॉपवर पासवर्ड न विचारता एखादं टूल बसलं, म्हणून त्याचा परवाना आपल्याला लागू होतो असं नाही. कंटेनर चालवणारं डॉकर डेस्कटॉप घरी शिकायला फुकट आहे, पण २५० पेक्षा जास्त माणसं असलेल्या कंपनीत कामासाठी वापरायचं तर त्याला पैसे पडतात. हिंजवडीत अशा कंपन्या किती, तुम्हीच मोजा.

आणि होममध्ये टाकलं म्हणजे निर्धास्त झालो असंही समजू नका. सुडो टाळल्यानं मशीन वाचतं, शेजारचा युझर वाचतो. तुम्ही वाचता का? दुसऱ्या सर्व्हरवर शिरायच्या तुमच्या एसएसएच किल्ल्या, पासवर्डऐवजी चालणारी गिटहबची टोकन, ब्राउझरची सत्रं सगळी होममध्येच असतात, आणि तुमच्या नावानं चालणारं टूल ती वाचू शकतं. सप्टेंबर २०२५ मध्ये एनपीएमवर शाय-हुलूद नावाचा किडा पसरला. लागण झालेलं पॅकेज इन्स्टॉल करणाऱ्याच्या मशीनवरची टोकन शोधायचा आणि त्याच टोकनांनी त्या माणसाच्या इतर पॅकेजमध्ये शिरायचा. त्याला रूटची गरजच नव्हती. म्हणून कर्ल या कमांडनं नेटवरून आणलेली स्क्रिप्ट थेट बॅशला देण्याआधी ती एकदा फाइलमध्ये उतरवा आणि डोळ्यांखालून घाला. पॅकेजच्या नावाचं स्पेलिंग दोनदा बघा. लॅबच्या सामाइक पीसीवर काम संपलं की आपली टोकन पुसूनच उठा.

उरल्या त्या गोष्टी, ज्यांना खरोखरच अ‍ॅडमिन लागतो. ड्रायव्हर. सगळ्यांसाठी चालणारी सर्व्हिस. लिनक्सवर १०२४ च्या खालचा पोर्ट, जरी शिकताना ३००० किंवा ८०८० नं काम भागतं. आणि डॉकर. डॉकरबाबत सावध करतो. "मला सुडो नको, फक्त डॉकर ग्रुपमध्ये घाला" ही मागणी साधी वाटते, पण त्या ग्रुपमधला माणूस कंटेनरमधून मशीनची अख्खी डिस्क उघडू शकतो, म्हणजे ते रूट दिल्यासारखंच आहे. अ‍ॅडमिन नाही म्हणाला तर तो आडमुठेपणा नाही. त्याला रूटशिवाय चालणाऱ्या पॉडमन या डॉकरच्या पर्यायाबद्दल विचारा. त्यासाठी त्याला एकदाच थोडी मांडणी करून द्यावी लागते.

अशा वेळी तिकीट टाकावंच लागतं, आणि ते कसं लिहिलंय यावर बरंच ठरतं. "अ‍ॅडमिन अ‍ॅक्सेस हवा आहे" एवढंच लिहिलेलं तिकीट मी स्वतः अ‍ॅडमिनच्या खुर्चीत असताना बाजूलाच ठेवायचो, कारण त्याला हो म्हणण्याइतकं काही त्यात नसायचं. त्याऐवजी असं लिहा: "अमुक सर्व्हरवर पोस्टग्रेस डेटाबेसची क्लायंट लायब्ररी तिच्या हेडर फायलींसह हवी आहे, उबुंटूच्या अधिकृत भांडारात ती आहे, पॅकेजचं नाव खाली दिलं आहे. होममध्ये बांधून पाहिली, अमुक एरर आली, ती जोडली आहे. काम तीस तारखेपर्यंत आहे, त्यानंतर काढून टाकली तरी चालेल." असं तिकीट आलं की मला एक कमांड चालवायची असायची, आणि ती मी बहुधा जेवायला जायच्या आधीच चालवून टाकायचो.